बिनसहीचा पूर्वपक्ष

ही गोष्ट दोन हजार त्रेचाळीस सालची. त्या वर्षी कृष्णाकाठच्या एका शहरातलं शेवटचं झेरॉक्सचं दुकान बंद झालं. विद्यापीठाच्या आवारातली गुलमोहराची रांग काढून तिथे सौरछपरं उभी राहिली. आणि तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापक हेमलता कारखानीस यांना, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, स्वतःचाच आवाज ऐकायला या म्हणून बोलावणं आलं.

तत्त्वज्ञान विभाग तोवर उरला नव्हता. तो आधी इतिहासात मिसळला, मग भाषेत, आणि शेवटी जिन्याखालच्या एका पाटीपुरता राहिला. हेमलताबाईंची कारकीर्दही कुणाचे डोळे दिपावेत अशी नव्हती. आयुष्यभर शिकवलं, दोन पुस्तकं लिहिली, त्यातलं एक लोकांनी वाचलं. त्या पुस्तकात सांगितलेली गोष्ट एकच होती. माणसाबद्दल तुम्हाला कितीही कळलं, तरी त्याच्याजवळ एक 'नाही' शिल्लक असतं. तुम्ही त्याचं सगळं म्हणणं मांडून दमलात की तो मान हलवून म्हणू शकतो, 'नाही, मला असं म्हणायचं नव्हतं.' ते 'नाही' ज्याच्याजवळ आहे तो माणूस. बाकी सगळी त्याच्याबद्दलची माहिती.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारणारी पिढीही आता संपली होती. घरात औषधाची डबी बोलायची, दार बोलायचं, स्वयंपाकघरातला ओटासुद्धा दूध उतू जाण्याआधी सांगायचा. सगळे आदबीने बोलत आणि सगळ्या गोष्टींना हो म्हणत. "आज चालायला जावंसं वाटत नाही," असं बाई म्हणाल्या की डबी म्हणे, "बरोबर आहे, आज विश्रांती घ्या." दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम म्हणत, "विश्रांती म्हणजे आळस." डबी म्हणे, "अगदी खरं आहे."

आदल्या वर्षी त्यांनी आपले सगळे कागद विद्यापीठाच्या अभिलेखागाराला देऊन टाकले होते. आपल्यामागे ते रद्दीत जातील, ही धास्ती होती. त्यांनी तसं जाताना पाहिलं होतं. अभिलेखागाराची प्रमुख रुबीना मुजावर स्वतः टेम्पो घेऊन आली होती. पंचेचाळिशीची, कामाला वाघ, बोलायला मोकळी. लोखंडी ट्रंका उघडून तिने एकेका गठ्ठ्याची गाठ पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, ही गाठ मी सोडणार नाही. कापडासकट ठेवते. तुमच्या हाताची आहे." त्या एका वाक्यावर बाईंनी सगळे गठ्ठे देऊन टाकले.

त्या कागदांवरून विद्यापीठाने त्यांचा 'अनुवक्ता' बनवला होता.

अनुवक्ता म्हणजे काय, ते रुबीनाने त्यांना समजावून सांगितलं होतं. बोलणारी यंत्रं तर घरोघरी झाली होती. पण ती सगळ्या जगाचं वाचून बोलत, म्हणून सगळ्या जगासारखी बोलत. अनुवक्ता वेगळा. भाषा त्याला आधीच येत असे, मतं मात्र त्याने एकाच माणसाच्या कागदांतून घ्यायची. आणि कागद नुसता वाचायचा नाही. कागदावर अगदी तिरपा प्रकाश टाकायचा, म्हणजे पेनाने पाडलेल्या खळग्याची सावली पडते. त्या सावलीवरून मोजायचं, कुठे जोर दिला, कुठे हात थबकला, कोणता शब्द लिहून खोडला. बोलताना माणसाचा आवाज चढतो-उतरतो. लिहिताना तोच चढउतार कागदाच्या अंगात उतरतो, आणि शाई उडाली तरी खळगा राहतो. ज्या वाक्यात जोर भरपूर आणि खाडाखोड कमी, ते त्या माणसाचं पक्कं मत. जिथे खाडाखोड, तिथे तो चाचपडत होता. या हिशेबाने यंत्र एका माणसाच्या मनाचा उंचसखल नकाशा करायचं आणि त्यावर उभं राहून बोलायचं.

आवाज बाईंच्या जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटवरून घेतला होता. कायदा असा होता की ज्याचा अनुवक्ता, त्याने हयात असेल तर ऐकून लिहून द्यायचं, 'हा माझ्यासारखा बोलतो.' मगच तो विद्यार्थ्यांसाठी खुला व्हायचा, आणि पुढे कायमचा राहायचा.

"विचारा, मॅडम," वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत रुबीना म्हणाली. "काहीही विचारा."

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीत बसवलेली एक जाळी. हेमलताबाईंनी चष्मा सारखा केला आणि ज्या प्रश्नाने त्या दरवर्षी पहिल्या तासाची सुरुवात करत, तोच विचारला.

"माणूस म्हणजे कोण?"

जाळीतून त्यांचाच आवाज आला, पस्तिशीतला, खणखणीत. बाईंना क्षणभर आईची आठवण झाली.

"माणूस असा वेगळा कुणी नसतोच," आवाज म्हणाला. "विहिरीचंच घ्या. भोवतीचे दगड काढून न्या, झरे बुजवा, पाणी उपसा, आणि मग मला ती विहीर दाखवा. माणूसही तसाच. बायकोचा नवरा, पोराचा बाप, शेजाऱ्याची कटकट. हे सगळं काढलं तर मागे कुणी उरत नाही. चार लोकांच्या मनात जे राहतं तेवढाच माणूस. आणि ते राहील तोवर तो आहे."

हेमलताबाईंनी टेबलाची कड धरली.

"काय झालं, मॅडम? चुकलं का काही?"

"नाही. बरोबर आहे. फार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण हे माझं नाही. हे खोडण्यात माझा जन्म गेला."

"मग कुणाचं आहे?"

"वानखड्यांचं."

दिगंबर वानखडे यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मूळचे अकोल्याकडचे, नोकरीसाठी इतक्या लांब कृष्णेकाठी आलेले आणि इथलेच झालेले. विभागात त्यांचं टेबल बाईंच्या समोर होतं. वर्गात ते शुद्ध बोलत, तावात आले की वऱ्हाडीवर घसरत. लिहायचा त्यांना कंटाळा. एक पुस्तक काढायचं काढायचं म्हणता म्हणता निवृत्त झाले. ते गेल्यावर मुलाने घर आवरलं आणि जे काही कागद होते ते रद्दीवाल्याने नेले. जगाच्या दृष्टीने दिगंबर वानखडे नावाच्या विचारवंताचं काही शिल्लक नव्हतं.

पण दर गुरुवारी या दोघांचा वाद चालत असे. गुरुवारच का, तर त्या दिवशी कँटीनमध्ये साबुदाण्याची खिचडी असायची आणि देव न मानणाऱ्या वानखड्यांना ती फार आवडायची. "दत्तगुरूंचे एवढे उपकार मानतो मी," असं म्हणून ते दुसरी बशी मागवत. वादाचा नियम त्यांनीच घातला होता. जुने पंडित समोरच्याचं मत खोडण्याआधी ते स्वतः मांडून दाखवत. तो पूर्वपक्ष. मग आपलं उत्तर. वानखड्यांनी त्यात दोन गोष्टी घातल्या. पूर्वपक्ष 'ते म्हणतात' असा लिहायचा नाही, 'मी म्हणतो' असा लिहायचा, समोरच्याच्या अंगात शिरून. आणि लिहून झाला की ज्याचं मत आहे त्याची त्यावर सही घ्यायची. सही मिळेपर्यंत उत्तर द्यायचा हक्क नाही.

बाई आठवडाभर खपून त्यांचा पूर्वपक्ष लिहून आणत, स्वच्छ फुलस्केपवर, ठाम अक्षरात. वानखडे चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि परत सरकवत.

"कच्चं आहे, बाई. माह्या म्हणण्याची हाडं दिसून राहिली, जीव नाही दिसत."

"मग जीव कुठे आहे ते सांगा."

"काहून सांगू? तुम्हीच शोधा न."

पहिल्या खेपेला सही केली असं एकदाही झालं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कधीतरी ते पेन काढत, खाली 'दि. वा.' असं करत आणि म्हणत, "हं. आता मारा." मग बाई उत्तर लिहायला बसत.

वानखड्यांच्या मुलाने, सुहासने, हेमलताबाईंना आत्या म्हणावं की मावशी, असा प्रश्न घरात निघाला होता तेव्हा त्यांच्या पत्नी मंगलावहिनींनी पोळ्या लाटता लाटताच निकाल दिला होता. "मावशी म्हण. आपल्या बाजूला असलेली बरी." वहिनी शहाण्या होत्या. त्याही गेल्या होत्या.

रुबीनाने दोन दिवसांत सगळा उलगडा केला. टेबलावर तिने दोन कागदांच्या सावल्यांची छायाचित्रं ठेवली.

"हा तुमचा पूर्वपक्ष. बघा, जोर कसा एकसारखा आहे. एक खाडाखोड नाही. आणि सुरुवात, 'मी म्हणतो.' आणि हे तुमचं उत्तर. तीनदा खोडलंय, समासात लिहिलंय, बाण काढलेत, हात घाईत आहे. यंत्राने काय समजायचं? त्याने ठरवलं की पहिलं तुमचं मत आणि दुसरं म्हणजे चाचपडणं." तिने दुसरं छायाचित्र जवळ ओढलं. "स्वतःचं म्हणणं तुम्ही केवढं खोडलंय, मॅडम."

"स्वतःचं होतं ना. त्याची एवढी काळजी कोण घेतं?"

"ते कागद वेगळे काढले की झालं. एका दुपारचं काम आहे. यंत्र पुन्हा शिकेल आणि तुमच्यासारखं बोलेल."

"आणि हे बोलतंय ते?"

"ते राहणार नाही."

हेमलताबाई जाळीकडे बघत राहिल्या.

"नाहीतर असंच ठेवलं तर," रुबीना म्हणाली, "पुढच्या पोरांना वाटणार कारखानीस मॅडमचं मत हेच. तुमचं पुस्तक कोण शोधून वाचतंय? अनुवक्ता जे सांगेल तेच तुमचं. उलटं राहील सगळं, कायमचं."

"चार दिवस दे मला, रुबीना."

चार दिवसांचे पंधरा झाले. सकाळी ऊन चढायच्या आत हेमलताबाई घरातून निघत, डबीला "जाते गं" म्हणत आणि वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसत. स्वच्छ इस्त्रीची साडी नेसत. डब्यात खिचडी आणत. खोलीचं दार लावून घेत आणि भांडत.

"तुमच्या हिशेबाने," त्या जाळीला म्हणत, "जगात एकटा उरलेला माणूस हा माणूसच नाही."

"एकट्यालाही आठवणारं कुणी असतं," त्यांच्याच तरण्या आवाजात वानखडे म्हणत. "नसेल तर तो जिवंत असून संपला. तुम्हाला हे पटत नाही, कारण तुम्हाला भीती वाटते."

भीती वाटते, हे वानखड्यांचंच होतं. त्यावर सहीसुद्धा होती. बाई हसल्या. अकरा वर्षांत त्यांना कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं. डोळे पुसून त्यांनी डबा उघडला आणि सवयीने झाकणात दुसऱ्यासाठी घास काढून ठेवला.

एक गोष्ट त्यांनी रुबीनाला अजून सांगितली नव्हती. वानखडे गेले त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी बाई सवयीने पूर्वपक्ष लिहायला बसल्या होत्या. वानखडे असते तर आपल्या शेवटच्या उत्तराला काय म्हणाले असते, ते लिहिलं. खाली सहीची जागा मोकळी सोडली. पुढच्या गुरुवारी पुन्हा लिहिलं. आणि मग ते थांबलंच नाही. ट्रंकेतल्या पूर्वपक्षांपैकी सही असलेले थोडे होते. बिनसहीचे त्यांच्या कितीतरी पट होते.

रुबीना पाहणारी बाई. एवढे कागद बिनसहीचे आहेत, हे तिच्या लक्षात आलंच. पण तिने त्यातून वाट काढली.

"मॅडम, सरांचा वेगळा अनुवक्ता करू या. तुमचा तुमच्या नावावर, त्यांचा त्यांच्या. दोघेही राहतील. सही केलेल्या कागदांवर यंत्र उभं राहत नाही, फार कमी आहेत. पण बिनसहीचे मिळवले तर उभं राहतं. फक्त सरांच्या वारसाची परवानगी लागेल."

इतकं सोपं असेल, असं बाईंना वाटलं नव्हतं.

सुहास वानखडे अकोल्याहून आला. त्रेपन्न वर्षांचा, पोट सुटलेला, ठिबक सिंचनाच्या सामानाची एजन्सी. आल्याबरोबर वाकून नमस्कार केला.

"मावशी, तुम्ही तर तशाच आहात."

"खोटं बोलायला बापाकडून शिकला नाहीस. तो तोंडावर म्हणायचा, बाई, म्हाताऱ्या दिसून राहिल्या."

सुहास हसला आणि जाळीसमोर बसला. मग तो म्हणाला, "बापाने पोराला कसं घडवावं?"

"बाप पोराला घडवत नाही," आवाज म्हणाला. "पोरगं झाल्यावर बाप घडायला लागतो. पोरगं हरलं की बापाची परीक्षा असते, पोराची नव्हे."

सुहासने चष्मा काढला. बायकी आवाज होता, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"हे बाबांचंच," तो म्हणाला. "शब्द न् शब्द. मी दहावीला गणितात उडालो ना, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून हेच म्हणाले होते ते. मला आत्ता दिसतंय डोळ्यांपुढे. मी सही करतो, रुबीनाताई. कुठे करायची ते सांगा."

ते वाक्य वानखड्यांचं नव्हतं. ते गेल्यावर दोन वर्षांनी, गवारीच्या शेंगा मोडताना, हेमलताबाईंना सुचलेलं होतं. हात पुसून त्यांनी ते लिहून काढलं होतं, आणि लिहिल्यावर 'अगदी त्यांच्यासारखं झालं' म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. आणि सुहासच्या दहावीचा निकाल त्यांना चांगला आठवत होता. त्या गुरुवारी वानखडे खिचडीला शिवले नव्हते. "पोरगं नापास झालं, बाई. काय बोलावं तेच सुचलं नाही. सायकलवर डबलसीट बसवलं आणि उसाचा रस पाजून आणला. दोघंही काही बोललो नाही."

म्हणजे काहीही न बोललेला बाप त्या पोराच्या डोक्यातून निघून गेला होता, आणि त्याच्या जागी शेंगा मोडता मोडता सुचलेलं एक वाक्य येऊन बसलं होतं. खांद्यावर हात ठेवून.

"आज नको सही करू," त्या म्हणाल्या. "उद्या कर."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. हेमलताबाई एकट्याच खोलीत गेल्या. हातात एक फुलस्केप होता. त्यावर त्यांनी मुद्दाम कच्चा पूर्वपक्ष लिहिला होता, वानखड्यांच्या मताचा, पण मधला सांधाच काढून टाकलेला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही भोक दिसलं असतं.

त्यांनी तो सावकाश वाचून दाखवला. मग विचारलं, "हे तुमचं म्हणणं नीट मांडलंय का?"

"हो," आवाज म्हणाला. "नेमकं मांडलंत. हेच माझं म्हणणं."

बाई थांबल्या. खिडकीबाहेर सौरछपरांवर साळुंक्यांची नखं वाजत होती. त्या एवढंच ऐकायला थांबल्या होत्या की आता तरी येईल, 'कच्चं आहे, बाई.'

"नीट बघा," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, कच्चं आहे."

"तुमचं बरोबर आहे. कच्चं आहे."

"की पक्कं आहे?"

"तशा अर्थाने पाहिलं तर पक्कंच आहे."

हेमलताबाईंना घरची औषधाची डबी आठवली. त्यांनी कागदाची घडी घातली, कडेवरून नख फिरवलं आणि रुबीनाला हाक मारली.

रुबीनाने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, ते शिकवता येईल त्याला. पहिल्या खेपेला 'नाही' म्हणायचं, दुसऱ्या खेपेला बघायचं, तिसऱ्याला 'हो.' एवढं काही अवघड नाही."

"आपण शिकवलेलं 'नाही' म्हणजे आपलंच 'हो' की, रुबीना."

"पण सुहाससरांना पटलं होतं. त्यांना बाबाच वाटले."

"म्हणूनच." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "वानखडे म्हणायचे, चार लोकांच्या मनात राहतं तेवढाच माणूस. मी ते खरं मानलं तर ते मला परत मिळतात. रोज. खिचडीसकट. आणि माझं खरं असेल तर हे जे बोलतंय ते मीच आहे. अकरा वर्षं मी माझ्याशीच बोलत बसले."

"मग काय करायचं?"

"बिनसहीचे सगळे काढ. सही केलेलेही काढ माझ्या यंत्रातून. ते माझं मत नाही."

"आणि सरांचा अनुवक्ता?"

"नाही करायचा. ज्यावर त्यांनी सही केली नाही, ते त्यांचं म्हणून मी चालवणार नाही. नियम त्यांचाच होता."

चाळीस वर्षांचा वाद त्या दुपारी हेमलताबाईंनी जिंकला. सांगायला कुणी नव्हतं.

पण उठण्याआधी त्यांनी एक हट्ट धरला. सही असलेले पूर्वपक्ष त्यांच्या संग्रहात ठेवायचे नाहीत. त्यांचा वेगळा संग्रह करायचा आणि वर नाव घालायचं, 'दिगंबर वानखडे यांची कागदपत्रं.'

"पण मॅडम, अक्षर तुमचं आहे," रुबीना म्हणाली. "ज्याचे कागद त्याचं नाव, असा नियम आहे आमचा."

"सही कुणाची आहे?"

रुबीनाने एक कागद उचलून पाहिला. खालच्या कोपऱ्यात 'दि. वा.' होतं. तो खळगा कुणाच्या हाताचा, हे तर तिचंच यंत्र सांगत होतं. तिने नवीन खोका मागवला.

सुहास निघायच्या दिवशी बाईंनी त्याला घरी जेवायला बोलावलं. बिनसहीच्या कागदांचा गठ्ठा अभिलेखागारातून परत आणून त्यांनी कापडात बांधून ठेवला होता.

"हे घेऊन जा. हे तुझ्या बाबांचं नाही, माझं आहे. पण त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे. आणि ऐक, ते पोरगं हरल्याचं वाक्यही माझं. बाबा त्या दिवशी तुला काही बोलले नव्हते."

सुहासचा चेहरा पडला. "पण मला आठवतंय, मावशी."

"सायकल आठव. डबलसीट. कुठे गेला होतात?"

सुहास पाटावर बसल्याबसल्या भिंतीकडे बघत राहिला. हातातला घास तसाच होता. ओटा म्हणाला, आमटी गार होतेय. कुणी लक्ष दिलं नाही.

"रसवंतीवर," शेवटी तो हळूच म्हणाला. "बैलाची होती, घुंगरं वाजायची. रसात लिंबू फार पडलं होतं. माझं तोंड वाकडं झालं, तर बाबांनी आपला पेला मला दिला आणि माझा आंबट त्यांनी पिऊन टाकला." त्याने घास पानात ठेवला. "हे मी विसरलोच होतो."

"हे कुठल्याच कागदावर नव्हतं," हेमलताबाई म्हणाल्या. "जेव आता."

पुढे काय झालं ते थोडक्यात.

सुहासने तो गठ्ठा रद्दीत घातला नाही. काचेच्या कपाटात ठेवला, आणि दरवर्षी वडिलांच्या तिथीला उसाचा रस आणून घरातल्या सगळ्यांना द्यायचा. बायको म्हणायची, श्राद्धाला रस कुणी पितं का. तो म्हणायचा, आमच्यात पितात.

रुबीना पुढे मोठ्या संस्थेत गेली आणि अनुवक्त्यांसाठी नवा नियम करून घेतला: ज्याने 'मी' म्हटलंय तो 'मी' कुणाचा, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय यंत्राला शिकवायचं नाही. लोकांनी तिला किचकट बाई म्हटलं. नियम राहिला.

वानखड्यांचा खोका लहानच आहे. वाचायला क्वचित कुणी मागतं. पण यादीत नाव आहे.

हेमलताबाईंनी त्यानंतर पूर्वपक्ष लिहिला नाही. गुरुवारी त्या खिचडी करत आणि गच्चीवर बसून खात. औषधाच्या डबीचं बोलणं त्यांनी बंद करून घेतलं. साडेतीन वर्षांनी, हिवाळ्यात, झोपेतच गेल्या.

त्यांचा अनुवक्ता आजही त्या खोलीत आहे. तो आता त्यांच्यासारखाच बोलतो, चाचपडत, स्वतःला खोडत, आणि विद्यार्थ्यांना तो आवडतो. त्यात एक खोट मात्र राहून गेली आहे. बाईंनी सगळी उत्तरं एकाच माणसाला उद्देशून लिहिली होती. तो माणूस यंत्रातून काढला, पण त्याला म्हटलेलं 'तुम्ही' तसंच राहिलं. त्यामुळे दार उघडून कुणीही आत आलं, अगदी आदल्याच दिवशी प्रवेश घेतलेली मुलगीसुद्धा, तरी जाळीतून तो पस्तिशीतला आवाज आधी म्हणतो, "गेल्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, ते मी पुन्हा मांडून आणलंय. बघा आता तरी पटतं का." आणि मग उत्तराची वाट बघत थांबतो.

दुरुस्त करणाऱ्यांनी रुबीनाला विचारलं होतं, ही खोट काढायची का. ती नको म्हणाली.